उणे तीन वजा चार

प्रिय ईशा आणि अन्वय,

मागच्या मे महिन्यात नाशिकला आलात तेव्हा दोघांनीही विचारलंत, "कुंदाआजी आता का येत नाही गं आपल्याकडे?" मी म्हटलं, तिला वेळ नसतो. ते खरं नव्हतं. परवा फोनवर ईशा म्हणाली, तुमच्या शाळेत गणिताचे धडे कॉम्प्युटरवर असतात आणि उत्तर चुकलं की लाल फुली येते. फोन ठेवला आणि ठरवलं की आता लिहूनच टाकावं. अवघड शब्द आई सांगेल.

एक आधीच सांगते. मी असल्या गोष्टींतली बाई नाही. शाळेच्या जुन्या प्रयोगशाळेबद्दल मुली काहीबाही बोलायच्या, तेव्हा मी त्यांना तिथेच बसवून समीकरणं सोडवायला लावायचे. आजोबा अमावास्येला प्रवास टाळतात म्हणून मी मुद्दाम त्याच दिवसाची तिकिटं काढायचे. तेव्हा पुढचं वाचताना आजीचं डोकं फिरलं असं समजू नका... मी क्रमाने सांगते.

कुंदा आणि मी एकाच शाळेत गणित शिकवायचो. एकाच स्टाफरूममध्ये, समोरासमोरच्या खुर्च्यांवर. नव्वदच्या दशकाच्या शेवटी दोघी मागेपुढे निवृत्त झालो. मग काही वर्षांनी घरोघरी ब्रॉडबँड आलं आणि माझ्या डोक्यात एक कल्पना आली – व्हिडिओवर पाठ घ्यायचे, पण नुसते बघायचे नाहीत. मध्येच मी प्रश्न विचारणार, व्हिडिओ थांबणार, मुलाने उत्तरावर क्लिक करायचं. बरोबर असेल तर पुढे. चुकलं तर...

या "चुकलं तर" साठीच मी हे सगळं करत होते. मूल उगाच चुकत नाही. एक छेद दोन अधिक एक छेद तीन म्हणजे दोन छेद पाच, असं लिहिणाऱ्या मुलाने काहीतरी विचार केलेला असतो. म्हणून प्रत्येक चुकीच्या उत्तरासाठी मी वेगळी छोटी क्लिप करायचे. त्या चुकणाऱ्या मुलाशीच बोलायचे. "चूक" हा शब्द वापरायचा नाही, हा माझा नियम.

शूटिंग रफिकभाई करायचे. भद्रकालीत त्यांचा लग्नाच्या व्हिडिओचा स्टुडिओ होता, मागे निळा पडदा.

"बाई, नवरा-नवरी सांगितलं की हसतात," ते म्हणायचे, "तुमचा अपूर्णांक काय हसायला तयार नाय."

"तुम्ही लाइट नीट लावा, हसेल तो."

कुंदा समोर बसून प्रश्नांचा क्रम लावायची. चुकांच्या क्लिपांचा तिला कंटाळा यायचा. "सुधा, एका बरोबर उत्तरामागे तीन चुकांचं कौतुक! कधी संपणार हे?" मी म्हणायचे, घाई काय आहे, आपल्याला कुठे शाळेची घंटा आहे आता.

मग माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. एका डोळ्याचं, नंतर दुसऱ्याचं. कुंदा भेटायला यायची, फळं आणायची. म्हणायची, "तू निवांत पड. बाकीचं मी बघते." मी निवांत पडले.

आमचा एक जुना विद्यार्थी अंबडला कारखान्यात आहे, प्रकाश. त्याचा फोन आला. "बाई, मुलीला ऑनलाइन क्लास लावलाय. गणित ऐकतोय तर शब्द सगळे तुमचे. पण बोलतात कुंदाबाई. तुम्ही सोडलंत का?"

आजोबांनी साइट उघडून दिली. एका मोठ्या क्लासची होती, नाव लिहीत नाही. स्क्रीनवर कुंदा. माझी वाक्यं, माझी उदाहरणं... मी जिथे क्षणभर थांबायचे, तिथे थांबणं सुद्धा. खाली लिहिलेलं: संकल्पना, लेखन आणि सादरीकरण – आणि तिचं एकटीचं नाव. मी मुद्दाम चुकीचं उत्तर दाबलं. लाल फुली आली आणि कर्कश बझर वाजला.

नावापेक्षा तो बझर मला जास्त लागला, हे तुम्हाला कदाचित मोठेपणी कळेल.

मी तिला फोन केला. ती म्हणाली, "त्यांना नवीन चेहरा हवा होता, सुधा."

"तू माझ्याहून वर्षाने लहान आहेस, कुंदा. एवढ्यावर नवीन झालीस?"

"तुझे डोळे बरे नव्हते. थांबले असते तर संधी गेली असती."

"आणि माझ्या टेप?"

तिने फोन ठेवला. मी रफिकभाईंकडे गेले. स्टुडिओ त्यांनी बंद केला होता, तिथे मोबाइलचं दुकान आलं होतं. घरी भेटले. म्हणाले, "कुंदाबाईंनी सांगितलं, सुधाबाईंना टेप नकोत, पुसून वापरा. मी पुसल्या. त्यावर लग्नं शूट केली, बाई. तुम्हाला एक फोन करायला पाहिजे होता मी."

त्यांच्यावर मी चिडले नाही. त्यांनीही कुंदावर विश्वास ठेवला, मी ठेवला तसाच.

इथपर्यंत जे घडलं ते जगात घडतं. आता पुढचं.

दिवाळीनंतर एका सकाळी कुंदा दारात उभी. चेहरा उतरलेला, पण आवाज चढलेला. आत येऊन बसली नाही.

"कोणाकडून घुसवलंस तू ते?"

"काय?"

"सोंग नको करूस. पालकांचे फोन येतायत क्लासला. ऋणसंख्यांच्या पाठात उत्तर चुकलं की मध्येच तू येतेस. इंजिनीअर म्हणतात अशी फाइलच नाही त्यांच्याकडे."

ऋणसंख्यांचा पाठ मी कधी केलाच नव्हता. तो कुंदाने नंतर स्वतः लिहिलेला. मी तसं सांगितलं. ती म्हणाली, "लाव कॉम्प्युटर."

आजोबांनी लावला. आम्ही तिघं समोर बसलो. कुंदाचा पाठ सुरू झाला, प्रश्न आला: उणे तीन वजा चार किती? कुंदाने अधिक सातवर क्लिक केलं. दोन उणे दिसले की अधिक करायचं, ही मुलांची नेहमीची गल्लत.

बझर वाजला नाही. मी आले.

मागे निळा पडदा. माझा आवाज, माझे हात. स्क्रीनवरची मी म्हणाले, "तू दोन उणे पाहिलेस, म्हणून अधिक केलंस ना? समज, तू घाटावर आहेस. पाण्याखाली तीन पायऱ्या उतरलास. आता आणखी चार उतर. वर आलास, की अजून खाली गेलास? कुठे आहेस आता?"

हे उदाहरण मी वर्गात कधीच दिलेलं नव्हतं. पण द्यायचं असतं तर हेच दिलं असतं.

आजोबा हळूच म्हणाले, "सुधा, चष्मा बघ."

तपकिरी जाड फ्रेमचा, ऑपरेशननंतर केलेला. या चष्म्याने मी कुठल्याही कॅमेऱ्यासमोर बसले नव्हते. आणि तो चष्मा आला तोवर तो निळा पडदाही उरला नव्हता.

स्क्रीनवरची मी वाट बघत होते. क्लिक करायला काही नव्हतं. क्लिप संपतही नव्हती, स्क्रीनवरची ती पापण्या मिटत होती, उघडत होती... मुलाला वेळ द्यायचा असला की मी जशी बघते तशी बघत होती. कुंदाने दोन-तीनदा माउस दाबला. काही नाही. शेवटी तिच्या तोंडून निघालं, "उणे सात."

स्क्रीनवरच्या मी मान हलवली. "हं. जमलं." आणि पुढे कुंदाचा पाठ सुरू झाला.

 मला वाटलं, आता ही काहीतरी म्हणेल. चुकले म्हणेल. निदान रडेल. ती उठली, पदर सावरला आणि म्हणाली, "काढायला सांग ते. ज्याने घातलंय त्याला." चपला घालून गेली. पुढे जुन्या शिक्षकांमध्ये तिने सांगितलं की सुधाने मत्सरापोटी तिचं काम बिघडवलं. काहींना ते पटलं. त्यात माझ्या मुलीच्या लग्नात जेवून गेलेली माणसंही होती.

तिने माझं काम घेतलं ते मी कदाचित विसरले असते. त्या सकाळी सगळं डोळ्यांनी पाहून ती जे बोलली, ते नाही. म्हणून कुंदाआजी येत नाही.

दुसऱ्या दिवशी मी रफिकभाईंना बोलावलं. त्यांनी पाहिलं, कानाला हात लावला, म्हणाले, "बाई, हे मी शूट केलेलं नाय. कसम." क्लिप उतरवून घेता येईना, तेव्हा त्यांनी कॅमेराच स्क्रीनसमोर लावला आणि मी कॅमेऱ्यामागे उभी राहिले. आठवड्याभरात क्लासने तो पाठ काढून टाकला, पुढे साइटही बंद पडली. हे कसं झालं ते मला कळलेलं नाही. आजोबांना नाही, रफिकभाईंनाही नाही. कळल्याचं नाटक मी करणार नाही.

माझ्या पाठांपैकी आता दुसरं काहीही शिल्लक नाही. रफिकभाईंनी करून दिलेली एक सीडी आहे, ती अजून चालते. मी कधीच न केलेली तेवढी एक क्लिप तीत आहे. चित्र थोडं हलतं, आवाज स्वच्छ आहे. "कुठे आहेस आता?" असं विचारणारा आवाज माझा आहे, आणि कॅमेऱ्यामागून "उणे सात" म्हणणाराही माझाच.

तुमची,
आजी