वसुमतीचा कन्नडचा तास

बेंगळुरूच्या बेळ्ळंदूरमध्ये एका उंच इमारतीच्या तळमजल्यावर बालवाडी भरायची. तिथे वसुमती तीन-चार वर्षांच्या मुलांना कन्नड शिकवायची. मुलं बहुतेक आयटीतल्या आईबापांची, कुणी लखनौकडचं, कुणी कोलकात्याचं. घरी एक भाषा, शाळेत इंग्रजी, त्यात हे कन्नड. म्हणून मुख्याध्यापिका हर्षिताचा नियम होता: ज्या बाई जी भाषा शिकवतात, त्यांनी मुलांशी तीच बोलायची. म्हणजे मुलांचा गोंधळ होत नाही.

वसुमतीला नियम पटला होता. तिच्या घरी मराठीच, पण घराणं पिढ्यान्पिढ्या बेंगळुरूत मुरलेलं. शेजार कन्नड, शिक्षण कन्नड. कन्नड ही आपल्याला वेगळी भाषा म्हणून बोलावी लागते, असं तिला कधी वाटलंच नव्हतं.

मग पुण्याहून आलेली मैत्रेयी शाळेत आली. बरेच दिवस गेले तरी पोर तोंडातून शब्द काढेना. चपलांच्या रॅकपाशी एकटी बसून राहायची. एके दिवशी तिथेच तिची चड्डी ओली झाली. ती रडलीसुद्धा नाही, नुसती फरशीकडे बघत राहिली. वसुमती धावली आणि तिच्या तोंडून निघून गेलं, "असू दे गं राणी, घाबरू नको. स्वल्प थांब, फडकं आणते."

मैत्रेयीने मान वर केली. "मिस, तुला बोलता येतं?"

कन्नड म्हणजे काही बोलणं नव्हे, ही बाई मुकीच आहे, असं पोरीने आजवर धरलं असावं. वसुमतीला हसावं की रडावं कळेना. त्या दिवसापासून मैत्रेयी तिचा पदर सोडेना, आणि जी बोलायला लागली ती थांबेचना. नियम मोडतोय हे वसुमतीला कळत होतं, पण बोलणाऱ्या पोरीला गप्प कसं करायचं? 'तासाला कन्नडच बोलते ना मी,' अशी ती मनाची समजूत घालायची.

एका सकाळी हर्षिताने तिला आत बोलावलं. दुसऱ्या मजल्यावरचे कृष्णमूर्ती तक्रार करून गेले होते. लिफ्टमध्ये वर्गातल्या अद्वैतच्या आईने लेकाला मोठ्या कौतुकाने सांगितलं होतं, "बेटा, अंकलना कन्नडमध्ये काहीतरी बोलून दाखव." आणि अद्वैत ऐटीत म्हणाला होता, "स्वल्प सरका, मला बाहेर बघायचंय."

"अक्का, यात कन्नड शब्द एकच आहे म्हणे, स्वल्प," हर्षिता म्हणाली. "बाकी मराठी. तुम्ही तासाला काय बोलता?"

"कन्नड," वसुमती म्हणाली. तिला अगदी खात्री होती.

दुसऱ्या दिवशी हर्षिता वर्गात मागे येऊन बसली. वसुमतीने जपून तास घेतला. तास संपल्यावर तिने विचारलं, "झालं ना नीट?"

"निम्मा तास मराठी होता, अक्का. तुम्हाला खरंच कळलं नाही?"

नव्हतं कळलं. घरी जेवताना तिने नवऱ्याला विचारलं, "अहो, आपण आत्ता बोललो ते मराठी की कन्नड?"

हयवदन घास घेता घेता थांबला. "भाजी संपली म्हणून पल्य वाढ म्हटलं. त्यात कसली भाषा?"

त्यानंतर वसुमतीची जीभच अडखळू लागली. शब्द ओठांवर आला की ती तो आधी तपासायची, हा कुठला? तोवर मुलं उठून पळालेली असायची. ज्या भाषेत ती लहानपणापासून भांडली होती, तीच तिला परकी वाटू लागली. एकदा पाण्याचा पेला हातात घेऊन ती मुलांसमोर नुसतीच उभी राहिली. पाणी की नीरु? दोन्ही शब्द सारखेच आपले, दोन्ही सारखेच चुकीचे वाटू लागले.

मैत्रेयीने तिचा पदर ओढला. "मिस, नीरु म्हण. आत्ता कन्नड चाललंय ना." मग अद्वैतकडे वळून तिने दटावलं, "नीरु बेका? कूत्को!"

पाणी हवं होतं, म्हणून अद्वैत मुकाट्याने खाली बसला.

दारात उभ्या हर्षिताने हे ऐकलं. मुलांना पाठवून दिल्यावर ती वसुमतीपाशी आली. "गोंधळ मुलांचा होईल म्हणून नियम केला होता मी," ती म्हणाली. "आता तो कुणासाठी ठेवायचा?" नियम तिने रद्द केला नाही आणि त्याचा विषय पुन्हा कधी काढलाही नाही. कन्नडचा तास वसुमतीकडेच राहिला. सोबतीला कृष्णमूर्ती दर शुक्रवारी कन्नड गोष्ट सांगायला येऊ लागले. मैत्रेयी त्यांच्या मांडीला टेकून बसायची आणि वसुमतीसुद्धा मुलांमध्ये बसून कान देऊन ऐकायची.

आपण जिंकलो की हरलो, हे काही तिला उमगलं नाही. एका संध्याकाळी रिंग रोडवर बस खोळंबली होती. शेजारच्या बाईने तिला विचारलं, तुमची मातृभाषा कोणती? वसुमती उत्तर द्यायला वळली आणि मारतहळ्ळीचा थांबा येईपर्यंत विचारच करत राहिली.