वाळ्याचा स्वेटर

जगन्नाथकाका शिकारीची गोष्ट सांगतात तेव्हा हरीणसुद्धा नागपुरी बोलतं. "तिनं मान वर केली नं, राजीवभाऊ, अन् माझ्याकडे असं पाहून राहिली, का बाबू, तू इथं काय करून राहिला?" मग काका माझ्या बाबांकडे पाहत नाक वर करून दोनदा हुंगतात आणि बोटं टेबलावर टपटप पळवतात. यंदा ही गोष्ट आम्ही तीनदा ऐकली. तिन्ही वेळा हरीण पळालं.

काका अमेरिकेत, स्टेट कॉलेज नावाच्या गावात आमच्या शेजारी राहतात. युनिव्हर्सिटीच्या वर्कशॉपमध्ये लेथवर लॅबचे सुटे भाग बनवतात. नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंगच्या सणानंतर दोन आठवडे हरणांच्या शिकारीचा सीझन असतो, तेव्हा केशरी जॅकेट, बंदूक, आणि एकटेच गावाबाहेरच्या सरकारी रानात. पहिल्या वर्षी लतिकाकाकूंनी "हे घरात नाही यायचं" म्हणून गराजचं दार लावून घेतलं होतं. मग हळूच एक तुकडा सावजी मसाल्यात शिजवून पाहिला आणि बोटं चाटत म्हणाल्या, "बकऱ्याहून बरं आहे नं हे." तेव्हापासून दरवर्षी पहिलं ताट त्यांचं.

काकू मागच्या डिसेंबरात गेल्या. यंदा तिथीनं त्यांचं वर्षश्राद्ध सीझन संपल्यावर लगेच दुसऱ्या दिवशी, रविवारी, येत होतं. फ्रीजरमध्ये त्यांच्या हातच्या मसाल्याची एकच बरणी उरली होती, तळाशी चारेक चमचे. काकांनी ती वर्षभर उघडली नाही. तिच्या आवडीचं, तिच्याच मसाल्यातलं, तिच्या ताटात वाढायचं, एवढंच त्यांनी मनाशी धरलं होतं. त्यासाठी हरीण हवं होतं.

काकांचा नेम पक्का. बिनवासाच्या साबणानं अंघोळ करतात, गाडीत डबासुद्धा ठेवत नाहीत, वारा कुठून येतो ते पाहून बसतात. तरी तीनदा तेच. हरीण येतं, थांबतं, हुंगतं, जातं.

तिसऱ्यांदा बाबांनी आधी पुणेरी घसा साफ केला. "काका, राग मानू नका, पण तुम्ही आत आलात की वाळ्याचा वास येतो. म्हणजे चांगलाच आहे. पण येतो."

काकांनी जॅकेटची चेन खाली केली. आत काकूंनी विणलेला तपकिरी स्वेटर. काकू नागपूरहून वाळ्याच्या जुड्या आणून कपाटात साड्यांमध्ये ठेवायच्या. वर्षभर स्वेटर तिथेच होता.

"माहीत आहे नं मला," काका म्हणाले. "पंधरा वर्षं झाले रानात जाऊन राहिलो. हरणाला वास येते, एवढं नाही समजत का?"

"मग घरी ठेवा ना. माझं थर्मल देतो."

"तुमचं मला काखेत फाटन." आम्ही हसलो, तेही हसले. मग चेन गळ्यापर्यंत ओढत म्हणाले, "अन् हा घरी ठेवला, तर मंग एकटाच जाऊ का मी?"



शेवटच्या शनिवारी दिवेलागणीला काकांची गाडी आली. मागे हरणी होती, कानाला शिकारीच्या परवान्याचा टॅग बांधलेला. आम्ही उतरवायला धावलो. काका पातळ शर्टावर जॅकेट घालून कुडकुडत होते. हरणी काय म्हणाली, कशी पाहून राहिली, हे ऐकायला मी आणि बाबा थांबून राहिलो.

"आली," काका म्हणाले. "उभी राहिली. मारली."

"गाडीपर्यंत एकट्यानं ओढत आणलीत?"

"हो."

एवढीच गोष्ट.

रविवारी त्यांच्याकडे गेलो तेव्हा मसाल्याच्या ठसक्यानं सगळे खोकत होते. बरणी विसळून ते पाणीही काकांनी रश्श्यात घातलं होतं. काकूंच्या खुर्चीपुढे त्यांचं स्टीलचं ताट, दोन तुकडे, भाकरी, लिंबाची फोड. काका ते ताट बराच वेळ सरळ करत राहिले.

आई म्हणाली, "काका, आज तरी स्वेटर घालायचा. थंडी केवढी आहे."

"पिशवीत आहे. झिपवाल्या." काकांनी फ्रीजच्या वर बोट दाखवलं. "फोडणीचा वास लागन त्याला."

आईचा हात पिशवीकडे गेला तसे काका पटकन म्हणाले, "उघडू नका, वहिनी. सकाळी मी एकदा उघडली होती. वास कमी झाला आहे."

मग त्यांनी आमची ताटं वाढायला घेतली.