मार्कांप्रमाणे बाक

लातूरच्या त्या शाळेत दर शनिवारी चाचणी व्हायची आणि सोमवारी मार्कांप्रमाणे बाक बदलायचे. जास्त मार्कांचे पुढे, कमी मार्कांचे मागे. मी हिमायतनगरकडून नवीन आले होते. नववीला गणित शिकवायचे. पहिले दोन महिने मीही यादी वाचून मुलांना उठवत राहिले. त्याची लाज मला आजही वाटते.

शेवटच्या बाकावर शिरूर अनंतपाळची एक मुलगी बसायची. मावशीकडे राहून शिकत होती. "कळलं का?" म्हटलं की मान हलवायची, बस्स. एकदा वह्या तपासताना दिसलं, प्रमाणाचं अवघड गणित तिनं स्वतःच्या रीतीनं सोडवलं होतं. उत्तर बरोबर होतं. आणि त्यावर आडवी काट मारलेली. खाली पहिल्या बाकावरच्या मुलाचं चुकलेलं उत्तर उतरवून घेतलेलं.

मी तिला बोलावलं. "हे का खोडलंस गं?"

"त्याचं येगळं आलं होतं, मॅडम."

"पण तुझं बरोबर आहे."

"माझं कसं बरोबर असंल? मी मागच्या बाकावरची हाय."

ती रडत नव्हती. तिथी-वार सांगावा तसं सांगत होती.

पुढच्या सोमवारी मी यादी वाचलीच नाही. "ज्याला जिथं बसायचंय तिथं बसा," म्हटलं. चाचण्या चालूच ठेवल्या, पण ज्याचे मार्क त्याच्याच हातात द्यायला लागले. आणि एक ठरवलं, उत्तर चुकलं तर कुणी हसायचं नाही. चुकलं कुठं ते सगळ्यांनी मिळून शोधायचं. ती मुलगी दुसऱ्या बाकावर आली. महिनाभर तोंड उघडलं नाही. मग एक दिवस मी फळ्यावर गणित सोडवत असताना मागून तिचा आवाज आला, "मॅडम, वजाचं चिन्ह ऱ्हायलं तुमचं." मी चिन्ह दुरुस्त केलं आणि तिला म्हटलं, "ये, पुढचं तूच सोडव."

नेमके तेव्हाच मुख्याध्यापक दारात उभे होते. त्यांनी ऑफिसात बोलावलं.

"तुमच्या वर्गात आवाज लई वाढलाय."

"हाव सर. पोरं प्रश्न विचारून राहिलीत."

"पालकांच्या तक्रारी आहेत. हुशार मुलांनी मागं बसायचं का?"

"मागूनही फळा दिसतो, सर."

त्यांनी लेखी खुलासा मागितला. मी तिथंच उभ्यानं लिहून दिला: मुलं भीत असतील तर मला गणित शिकवता येत नाही, म्हणून यादी वाचणार नाही. माफीचा शब्द घातला नाही. जूनमध्ये नववी काढून मला पाचवी दिली. दिली तर दिली.

त्या मुलीला नववीत फार मार्क पडले नाहीत, मधलेच पडले. दहावीत पुन्हा यादी सुरू झाली. एक दिवस तिच्या वर्गाचे नवे गणिताचे सर स्टाफरूममध्ये तणतणत आले. "तुमची ती पोरगी, मागं जा म्हटलं तर उठंना! म्हणते, मला इथून समजतंय, मी उठत न्हाई. तुम्हीच बिघडवलंय तिला."

"हाव, मीच," मी म्हणाले आणि पाचवीच्या तासाला निघाले.