टोलेकाकांचे दहा

प्रयोगशाळेत त्यांना सगळे टोलेकाका म्हणत. तीस वर्षं रोज सकाळी दहाला उंदरांना खायला घालणारा हा माणूस वेळेचा इतका पक्का, की लोक त्यांना बघून घड्याळं लावत. बायको घरी वैतागून म्हणे, "अहो, निदान शिंकताना तरी घड्याळ बघू नका!"

आणि नेमका त्यांच्याच गळ्यात नव्या मॅडमचा प्रयोग पडावा? बारा उंदीर, बारा पिंजरे, प्रत्येकात एक फिरतं चाक, आणि खोलीत कायमचा अंधार. उजेडच दिसला नाही तर उंदराच्या अंगातलं घड्याळ रोज थोडं थोडं सरकतं का, हे चाकाच्या फेऱ्यांवरून बघायचं होतं. त्यासाठी मॅडमनी डब्यात चिठ्ठ्या ठेवल्या होत्या. रोज एक उचलायची आणि तिच्यावरच्या वेळेलाच उंदरांना न जाणवणाऱ्या लाल उजेडाची बॅटरी घेऊन आत जाऊन खाणं टाकायचं. आज पावणेबारा, उद्या सव्वाचार. उंदरांना वेळेचा सुगावा लागता कामा नये.

"उपाशी जिवांची ही काय थट्टा!" काका पुटपुटले. त्यांनी मुकाट्याने चिठ्ठी उचलली, तिच्यावरची वेळ वहीत लिहिली आणि खाणं टाकलं दहाच्या ठोक्याला. मग रोजच तसं.

दोन महिन्यांनी मॅडम आलेख घेऊन धावत आल्या. "काका, हे सरकतच नाहीत हो! रोज पावणेदहाला बाराच्या बारा चाकावर!" त्यांनी वायरी बदलल्या, मोजणीयंत्रं बदलली, यंत्रवाल्याला फोनवर झापलं. मोठे सर म्हणाले, प्रयोग गुंडाळा. मॅडम जिन्यात बसून ढसाढसा रडल्या.

दोन दिवस काका त्यांना चुकवत राहिले. तिसऱ्या दिवशी ते मॅडमच्या टेबलासमोर उभे राहिले. "मॅडम, यंत्राला बोल लावू नका. गाढव मीच. चिठ्ठी काहीही म्हणो, खाणं मी रोज दहालाच टाकलं."

"दोन महिने, काका! दोन महिने!" मॅडम इतक्या ओरडल्या की बाहेरचा शिपाई पळाला. मग एकाएकी त्यांनी एका दिवसाचा आलेख पुढे सरकवला. "आणि हा मंगळवार?"

"बायकोच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं. बदली माणूस होता."

"त्याने चिठ्ठी पाळली. तीनला गेला. पावणेदहापासून तीनपर्यंत चाकं थांबली नाहीत, काका. तुमची वाट बघत होते."

काकांनी मंगळवारच्या त्या रेषेवरून बोट फिरवलं.

सरांनी शेवटची संधी दिली. पंधरा दिवस चिठ्ठीप्रमाणे खाणं द्या. उंदीर दहाची वेळ विसरले तर प्रयोग चालू, नाहीतर बंद.

पहिलीच चिठ्ठी अडीचची निघाली. दहाला काका बंद दाराबाहेर स्टुलावर बसले, हात मांडीखाली दाबून. आत बाराही चाकं खडखडत होती. "थांबा रे मेल्यांनो, मला बांधून घातलंय," ते दाराला सांगत राहिले. अडीचला आत गेले तेव्हा त्यांनीही स्वतःचा जेवणाचा डबा उघडला नव्हता.

रोज दहाला काका स्टुलावर. खडखड हळूहळू कमी होत गेली. अकराव्या दिवशी दहा वाजले आणि आत चिडीचूप. काकांनी दाराला कान लावला. घड्याळ बघितलं. पुन्हा कान लावला.

तेवढ्यात मॅडम दोन-दोन पायऱ्या उतरत आल्या. "काका, विसरले! सगळे विसरले! वाचलो आपण!"

"वाचलो ना? छान झालं," काका म्हणाले आणि चष्मा पुसायला लागले. "पण मेले, अकरा दिवसांत विसरले हो."