अर्धी भाकर

लातूर जिल्हा नुकताच वेगळा झाला होता. नव्या कचेरीत कारकुनांची भरती निघाली आणि मला मुलाखतीचं पत्र आलं. त्याच उन्हाळ्यात रेणापुरात माझ्या सासूबाईंना अर्धांगवायू झाला. नवरा किनवटला आश्रमशाळेवर मास्तर, म्हणजे घरात आम्ही दोघीच. पत्र मी डाळीच्या डब्याखाली ठेवलं आणि रोज काढून वाचत राहिले.

सलग दुसऱ्या वर्षी पावसानं पाठ फिरवली होती. टँकरच्या दोन-चार घागरींत सगळं भागवायचं, त्यात सासूबाईंच्या लुगडी-गोधड्या दिवसातून तीनदा धुवायच्या. मी चिडायचे. दुष्काळावर कुठं चिडणार, त्यांच्यावरच चिडायचे. शेवटी मी अक्कल चालवली: खाणंपिणं कमी, तर धुणंही कमी. एका भाकरीची अर्धी केली, पाण्याचा पेलाही अर्धाच भरू लागले.

महिन्याभरात त्यांच्या माकडहाडावर जखम पडली, बोटाचं पेर जाईल एवढी खोल. मी त्यात हळद दाबून भरली.

सरकारी दवाखान्यातल्या सिस्टर घरी आल्या. त्यांनी हळद धुऊन काढली, उकळून गार केलेल्या मिठाच्या पाण्यानं जखम धुऊन पट्टी ठेवायला शिकवलं आणि दर दोन तासांनी कूस बदला म्हणाल्या. मला तर कोपऱ्यावरच्या दुकानातही जाता येईना. वर त्यांनी अंडी द्यायला सांगितलं. आम्ही लिंगायत; सासूबाईंनी गळ्यातलं लिंग मुठीत धरून डोळे मिटले. मग डाळ, दूध, शेंगदाण्याचं कूट यावर तडजोड झाली. औषधानं नुसतं भागत नाही, पोटात अन्न गेलं तरच मांस भरतं, असं बजावून सिस्टरनी विचारलं, या खातात किती?

मी हळदीचं पाणी टाकायला उठले.

"मलाच भूक न्हाई बाई," सासूबाई जड जिभेनं म्हणाल्या. "सून लई आग्रह करती."

त्या दिवसापासून मी त्यांना पोटभर भरवू लागले, धुणं दुप्पट झालं. मुलाखतीचा दिवस कूस बदलण्यात गेला. त्या दिवशी मी मोरीत बसून रडले.

दिवाळीपर्यंत जखम भरली. शेवटची पट्टी काढताना मी विचारलं, तेव्हा सिस्टरपुढं खोटं का बोललात?

"धुवायला पानी कुठं व्हतं, माय? तू अर्धी द्यायचीस, त्यातली बी अर्धी मी खिडकीतनं चिमण्यांना टाकत व्हते."