वडील झालेल्या टेलरबाई

टेलरबाईंना चर्चने 'वडील' नेमलं, त्याला अठरा वर्षं झाली. वडील म्हणजे चर्चचा कारभार पाहणारा पंच. पण बाईंच्या धाकट्या भावाने, बेकरीवाल्याने, भर सभेत विचारलं, "बाई वडील कशी होणार? फार तर आई होईल!" सगळे हसले, ताई हसली नाही. शब्दाला शब्द वाढला आणि भाऊ निम्मी मंडळी घेऊन रस्त्यापलीकडे गेला. तिथे त्याने वेगळं चर्च थाटलं. प्रेसबिटरीशी, म्हणजे आसपासच्या चर्चांच्या सभेशी, फारकत घेऊन दुसऱ्याच संघात नाव घातलं.

पुढे माणसं थकली, काही देवाघरी गेली, पोरंबाळं पांगली. बाईंकडे सात टाळकी उरली, भावाकडे सहा. त्याचा तो संघही मोडीत निघाला, तेव्हा त्याने मुकाट्याने प्रेसबिटरीकडे परतीचा अर्ज केला. उत्तर दोघांनाही आलं: बाराच्या खाली हजेरी असेल तर चर्च बंद. सचिव रविवारी मोजायला येतील, बाईंकडे नऊला, भावाकडे अकराला.

शनिवारी भाऊ दुकानात आला. बाई काजं करत होत्या.

"ताई, तुझी माणसं देतेस? तासाभरापुरती?"

"आधी तुझी नऊला आण. आणि दाढ्या करून आण."

नऊला तेरा माणसं भरली. सचिव खूश. उपासनेनंतर ते चहा पीत बसले, तेवढ्यात तेराही जण मागच्या दाराने पसार. अकराला सचिव पलीकडे शिरले, तर पहिल्याच बाकावर टेलरबाई, धापा टाकत.

"बाई, तुम्ही मघाशी तिकडे वडील होता ना?"

"जुळी बहीण असेल," भाऊ पुटपुटला.

बाईंना खोटं पेलवेना. "मीच ती. बाकीचे बाराही तेच. आता लावा कुलूप!"

सचिवांना हसू आवरेना. "कुलूप एकालाच लागेल. तेरा जण आहात की! दोन चर्चं कशाला हवीत?"

भावाचं छप्पर गळत नव्हतं, म्हणून त्याची इमारत राहिली. वडील म्हणून ताईचं नाव मात्र त्यानेच सुचवलं, खाली बघत.

शेवटच्या दिवशी बाईंनी आपलं चर्च झाडलं आणि रिकाम्या बाकावर बसून डोळे पुसले. भाऊ गीतपुस्तकांचा गठ्ठा घेऊन उभा होता. "रडून झालं असेल तर दुसरा गठ्ठा उचल."

दोघांनी रस्ता ओलांडला. पुस्तकं कुठल्या कपाटात ठेवायची, यावरून दुपारपर्यंत जुंपली होती.