धूर जाईपर्यंत

आमच्या सामायिक वर्कशॉपमध्ये लेझर कटरसमोर एक स्टूल आहे. मशीन चालू असेपर्यंत त्यावरून उठायचं नाही, असा नियम. लाकूड कापताना मध्येच पेट घेतं, म्हणून समोर कुणीतरी हवंच. चहाला जायचं तर आधी दुसऱ्याला बसवायचं. मला हा नियम नेहमी जाचतो.

आज स्टुलावर देशपांडेकाका होते. गेल्या महिन्यात काकू गेल्या. काका दारावरची नवी पाटी कापत होते आणि त्यांच्यानंतर माझा नंबर होता. झाकणाच्या काचेखाली प्रकाशाचा बारीक ठिपका अक्षरांच्या कडेकडेने सरकत होता. जळक्या लाकडाचा वास सुटला होता.

"काका, मी बसते. तुम्ही चहा घेऊन या."

"नको गं. सवय आहे बसायची."

काकूंच्या कॉटशेजारी ते वर्षभर असेच बसून होते.

प्लायवुडच्या तुकड्याला आम्ही क्षणभर एकटं सोडत नाही. संध्याकाळी शटर ओढलं की मात्र जो तो आपापल्या घरी. काका त्यांच्या घरी जाऊन काय करतात, हे आमच्यापैकी कुणी विचारलेलं नाही. मीही नाही.

मशीन थांबलं. झाकण लगेच उघडायचं नसतं. पंखा आतला धूर ओढून घेईपर्यंत थांबायचं. काका थांबले. हळूहळू काचेतून पाटी स्पष्ट दिसू लागली. तिच्यावर एकच नाव होतं.

"काका, आता उघडलं तरी चालेल."

"थांब जरा," ते काचेकडे बघत म्हणाले, "अजून धूर आहे."

मी पंखा चालूच ठेवला.